जुन्या ट्रकला हँडब्रेकचा लाल दिवा: स्विच कुठला, वायर कुठून, अर्थिंग कसं

प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या एका दादांचा आहे. वडिलांच्या काळची टाटा १२१० अजून चालती आहे. सोयाबीन-तुरीच्या हंगामात मोंढ्यावर जाते, एरवी विटा-वाळूच्या खेपा मारते. नवा ड्रायव्हर हँडब्रेक अर्धवट सोडून निघाला, गाडी जड ओढायला लागली तरी त्याला कळलं नाही आणि काही अंतरावर मागच्या चाकाला जळका वास सुटला. तेव्हा डॅशबोर्डवर हँडब्रेकचा लाल दिवा बसवायचं ठरलं. गावातला मेस्त्री म्हणाला, "लिव्हरखाली घरातल्या बेलचं बटण बसवतो, झालं काम." ते चालेल का, नाही तर कुठला स्विच घ्यावा आणि वायर कुठून आणावी, असं विचारलंय.

दादा, बेलचं बटण नको. एक तर ते घरातलं आहे, आपल्या काळ्या मातीच्या फुफाट्यात एक उन्हाळा काढणार नाही. दुसरं कारण मोठं आहे: ते उलटं चालतं. बेलचं बटण दाबलं की सर्किट जोडलं जातं. हँडब्रेकची लिव्हर खाली बसलेली असताना बटण दाबलेलं राहणार, म्हणजे ब्रेक सुटलेला असताना दिवा लागणार आणि ओढलेला असताना विझणार. आपल्याला नेमकं उलट हवंय. दाबल्यावर तुटणारा आणि सोडल्यावर जुळणारा स्विच लागतो, फ्रिजच्या दारात असतो तसा.

तसा स्विच ऑटो इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो. केबिनचं दार उघडल्यावर दिवा लावणारा पिनवाला डोअर स्विच मागा. एकच टर्मिनल असतं, दुसरी बाजू त्याच्या धातूच्या अंगातूनच बॉडीला मिळते. पिन आत गेली की बंद, बाहेर आली की चालू. ब्रेक पेडलवर असतो तो ब्रेकलाइटचा प्लंजर स्विचही याच जातीचा, फक्त त्याला दोन टर्मिनल असतात. तुमच्या गाडीला मी हा दोन टर्मिनलचाच सुचवेन. का ते खाली केबिनच्या मुद्द्यावर येईल.

पण स्विचच्या आधी ब्रेकचं बोलू, कारण लोक इथेच फसतात. हा दिवा फक्त लिव्हर कुठे आहे ते सांगतो. चाकात ब्रेक लागलाय की नाही, हे त्याला कळत नाही. केबल ताणून लांब झालेली असेल तर लिव्हर पार वर ओढली तरी गाडी उतारावर सरकेल, आणि समोर दिवा मात्र झगझगीत लाल दिसेल. उलटही होतं. लिव्हर खाली आहे, दिवा विझलाय, पण केबल गंजून किंवा चिखलाने नळीत अडकलीये आणि चाकातले ब्रेक शू ड्रमला आतून घासतच आहेत. तुमच्या गाडीत जो वास सुटला, तो निव्वळ ड्रायव्हरच्या विसरण्यामुळेच सुटला हे आधी पक्कं करा.

त्यासाठी गाडी सपाट जागी घ्या, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, मागचा एक्सल जॅकने उचला आणि पक्क्या स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक पूर्ण सोडलेला. आता दोन्ही चाकं हाताने फिरवून बघा. थोडी घरघर चालते, पण एखादं चाक जड जात असेल तर त्या बाजूची केबल, परतीची स्प्रिंग आणि शू खोलून बघा. मग लिव्हर एकेक दाता ओढत जा. लिव्हर साधारण अर्धी वर येईपर्यंत चाकं घट्ट धरली गेली पाहिजेत. शेवटच्या दात्यापर्यंत ओढूनही चाक हाताने फिरत असेल, तर आधी शूची सेटिंग करून मग केबल ताणा. नुसती केबल ताणून वेळ मारून नेली की शू कायमचे घासायला लागतात. गाडी खाली उतरवल्यावर हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका आणि क्लच हळूच सोडून बघा. इंजिन दबून बंद पडायला आलं, तर ब्रेक धरतोय.

घासत्या ब्रेकला मी एवढा का घाबरतो, तेही सांगतो. ड्रम तापला की ती उष्णता शूमधून व्हील सिलिंडरपर्यंत जाते. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल तापतं. डॉट-३ ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पण ते हवेतलं पाणी शोषत राहतं, आणि पाणी मुरलेलं तेच ऑइल १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, पेडल पाटापर्यंत जातं आणि गाडी थांबत नाही. सपाट रस्त्यावर निभावेल, पण तुमचा माल अंबाजोगाईकडून मांजरसुंब्याच्या घाटाने बीडकडे जात असेल, किंवा कन्नडचा औट्रम घाट उतरून चाळीसगावला, तर वरच्या सपाटीवर घासत आलेला ब्रेक नेमका उतारावर दगा देतो. म्हणून हा दिवा मला शोभेची वस्तू वाटत नाही, आणि तो खोटं सांगणारा नसावा यावर माझा कटाक्ष असतो. कधी उगाच लागणारा, कधी लागायला हवा तेव्हा न लागणारा दिवा असला की ड्रायव्हर आठवड्याभरात त्याच्याकडे बघायचं सोडतो. मग तो असून नसून सारखाच.

ब्रेक ठीक झाला की वायरिंगला हात घाला.

पहिलं, गाडी १२ व्होल्टची की २४ ची, ते मीटर लावून बघा. कागदावर काय आहे किंवा शेजारच्या तशाच गाडीत काय आहे, यावर जाऊ नका. जुन्या गाड्यांत बॅटऱ्या, डायनॅमो, अल्टरनेटर सगळं बदललेलं असतं. दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे २४ असंही नाही. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडलेला असेल तर २४, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस असेल तर १२. बल्ब त्या व्होल्टेजचाच घ्या. २४ च्या गाडीत १२ चा बल्ब लगेच उडतो, आणि १२ च्या गाडीत २४ चा इतका मंद लागतो की दुपारच्या उन्हात दिसतच नाही. २४ व्होल्टच्या गाडीत "मधल्या बॅटरीवरून १२ काढू" असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. टेप-पंख्यासाठी ही युक्ती सर्रास करतात आणि एक बॅटरी कायम कमी चार्ज, दुसरी कायम जास्त चार्ज होऊन दोन्ही वाया जातात.

फार जुन्या काही गाड्यांत प्लसला बॉडी अर्थ दिलेली असते, म्हणजे बॅटरीचा मायनस नाही तर प्लस चासीला जोडलेला असतो. साध्या बल्बला त्याने फरक पडत नाही, एलईडीला पडतो. बॅटरीची कुठली केबल चासीला गेलीये, ते एकदा बघून ठेवा. पुढे मी मायनस अर्थ धरून चाललोय.

आता सर्किट. चावी चालू केल्यावर जिथे करंट येतो तिथून एक वायर, लगेच फ्यूज, मग बल्बचं एक टोक. बल्बच्या दुसऱ्या टोकापासून वायर लिव्हरजवळच्या स्विचला, आणि स्विचची दुसरी बाजू अर्थला. म्हणजे बल्बला प्लस कायम हजर आहे आणि स्विच अर्थ जोडतो-तोडतो. बरेच मेस्त्री उलट करतात, प्लस स्विचमध्ये नेतात आणि बल्ब डॅशबोर्डवर अर्थ करतात. चालतं तेही, पण मी टाळतो. कारण डॅशबोर्डपासून लिव्हरपर्यंतची वायर फ्लोअरखालून जाते, तिथे हादरे, चिखल, रॉडची घासाघास सगळं असतं. एके दिवशी तिचं कातडं निघणारच. त्या वायरमध्ये सरळ प्लस असेल तर चासीला टेकताच फ्यूज उडेल, आणि त्याच फ्यूजवर मीटर असतील तर तेही मरतील. फ्यूजच्या जागी कोणी तार गुंडाळलेली असेल तर वायर पेटेल. अर्थच्या बाजूने स्विच असला तर तीच वायर चासीला टेकल्यावर फक्त दिवा लागून राहतो. लिव्हर खाली आणि दिवा लागलेला दिसला की वायर तपासायची, एवढंच. बिघाड झाला तरी तो दिव्यातूनच कळतो.

करंट कुठून घ्यायचा? डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा किंवा चार्जिंगचा दिवा असेल तर चावी चालू करताच तो लागतो. त्याला चावीकडून जी वायर येते, तिथूनच घ्या. बॉश पद्धतीच्या जुन्या इग्निशन स्विचवर मागे आकडे कोरलेले असतात: ३० म्हणजे थेट बॅटरीचा प्लस, १५ म्हणजे चावी चालू केल्यावर येणारा, ५० स्टार्टरचा, आणि वायरिंगमध्ये ३१ म्हणजे अर्थ. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४ पासून १९६९ पर्यंत डाइम्लर-बेंझबरोबर ट्रक बनवले, त्या घराण्याच्या गाड्यांत हे जर्मन आकडे नंतरही दिसतात. आपल्याला १५ हवाय. वायरच्या रंगावर मात्र विसंबू नका. एवढ्या जुन्या गाडीत तीन-चार हातांनी वायरिंग केलेलं असतं आणि दुकानात जो रंग मिळाला तो वापरलेला असतो. टेस्ट लॅम्पचं (दोन वायरी लावलेला साधा बल्ब) एक टोक चासीच्या घासलेल्या बोल्टला आणि दुसरं त्या टर्मिनलला लावा. चावी बंद असताना अंधार आणि चालू केल्यावर उजेड, तोच आपला.

चार्जिंगच्या दिव्याच्या दोन वायरींपैकी अल्टरनेटरकडून येणारी घेऊ नका. तिच्यात ढवळाढवळ केली की चार्जिंग सुरू व्हायलाच त्रास होतो. चावीकडची घ्या.

थेट बॅटरीवरून, म्हणजे ३० वरून घ्यायचाही मोह होतो, वायर जवळ सापडते म्हणून. पण गाडी रात्री उभी करताना हँडब्रेक ओढलेलाच असतो, म्हणजे दिवा रात्रभर जळणार. २ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर अवघा १७० मिलीअँपिअर घेतो, एका रात्रीत काही बिघडत नाही. पण पेरणीच्या दिवसांत गाडी पंधरा-वीस दिवस शेडमध्ये उभी असते, आणि रोज चार अँपिअर-तास गेले तर बॅटरी बसलीच म्हणून समजा.

डिझेल गाडीची एक गोष्ट ड्रायव्हरला सांगावी लागेल. जुन्या यांत्रिक पंपाचं इंजिन चावीवर अवलंबून नसतं. धक्का मारून किंवा उतारावर सुरू केलं तर चावी बंद असूनही ते पळतं, आणि बंद करायला स्टॉपची दोरी ओढावी लागते. बॅटरी कमजोर असलेल्या गाड्या असं रोज करतात. तेव्हा चावी चालू केली नाही, तर ऑइलचा दिवा, चार्जिंगचा दिवा आणि आपला हा नवा दिवा, सगळेच आंधळे. धक्का मारायचा असला तरी चावी आधी चालू, हा नियम त्याला घालून द्या.

फ्यूज २ किंवा ३ अँपिअरचा, आणि करंट जिथून घेतला तिथून वीतभराच्या आत. फ्यूज बल्बला वाचवायला नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. त्यामुळे फ्यूजच्या आधीची वायर जितकी लांब, तितका धोका उघडा. वायर मल्टिस्ट्रँड ऑटो केबल घ्या, १ स्क्वेअर एमएमची. करंटच्या मानाने अर्धीही पुरली असती, पण हादऱ्याने तुटू नये म्हणून जाड बरी. घरातली एकतारी वायर गाडीत अजिबात वापरू नका. ती वाकायच्या जागी आतल्या आत तुटते आणि वरून धड दिसते. असा फॉल्ट शोधायला अर्धा दिवस जातो.

आता बल्बचा होल्डर. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. जुन्या डॅशबोर्डचे धातूचे होल्डर एका टर्मिनलचे असतात. मधल्या टोकाला प्लस येतो आणि होल्डरचं अंग डॅशबोर्डच्या पत्र्याला टेकून अर्थ घेतं. आपल्या सर्किटमध्ये तसला होल्डर लावला की बल्बला अर्थ डॅशबोर्डमधूनच मिळते. मग लिव्हर वर असो की खाली, दिवा लागलेलाच. अशा गाड्या आमच्याकडे येतात, स्विच दोनदा बदलून झालेला असतो, आणि दोष निघतो होल्डरमध्ये. तपासणी सोपी आहे: स्विचकडे जाणारी वायर होल्डरवरून काढून टाका. तरीही दिवा लागला तर होल्डर अर्थ घेतोय. म्हणून दोन टर्मिनलचा, प्लास्टिकच्या अंगाचा होल्डर घ्या. लाल काचेचे तयार पायलट लॅम्प मिळतात, तेही दोन टर्मिनलचे बघून घ्या. जागा निवडताना स्टिअरिंगच्या मागे झाकला जाणार नाही, हे ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघा, खाली उभं राहून नाही. आणि हाय बीमच्या किंवा इंडिकेटरच्या दिव्याला लगटून लावू नका.

अर्थिंगबद्दल तुमच्या गाडीला खास लागू पडणारी गोष्ट. आपल्याकडे जुने ट्रक बहुतेक काउल-चासी म्हणून, म्हणजे केबिनशिवाय, विकले जायचे आणि केबिन बॉडीवाल्याकडे बांधली जायची, लाकडी सांगाडा आणि वरून पत्रा. फ्लोअरच्या फळ्याही लाकडी. लिव्हरचा बेस चासीवर किंवा गिअरबॉक्सजवळ लोखंडाला बसवलेला असेल तर अर्थ मिळेल, पण स्विचची पट्टी जर फळीवर किंवा केबिनच्या सुट्या पत्र्यावर ठोकली तर अर्थ मिळणार नाही, किंवा सुतार-कामाच्या खिळ्यांतून जेमतेम मिळेल. पावसाळ्यात लाकूड ओलं झालं की आणखी भलतंच. म्हणून मी वर म्हटलं, एक टर्मिनलचा डोअर स्विच तुमच्यासाठी नको. ब्रेकलाइटचा दोन टर्मिनलचा स्विच घ्या आणि त्याच्या एका टर्मिनलपासून वेगळी काळी वायर थेट चासीच्या बोल्टवर न्या. बोल्टखालची जागा वायर ब्रशने किंवा कानसने चकचकीत होईस्तोवर घासा, वायरच्या टोकाला रिंग लग (गोल कडं) लावा, वर स्प्रिंग वॉशर, घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीसचा हात फिरवा. रंगावर लग आवळला तर आज दिवा लागेल आणि पुढच्या पावसात रुसेल.

इंजिन आणि चासी यांच्यामधली जाड अर्थ पट्टीही या निमित्ताने बघून घ्या. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं. पट्टी तुटलेली असली की स्टार्टरचा करंट स्पीडोमीटरच्या केबलमधून, ॲक्सिलेटरच्या तारेतून वाट काढतो. दिव्याशी तिचा थेट संबंध नाही, पण गाडीखाली शिरलाच आहात तर नजर टाका.

स्विच बसवायचं काम घाईने करू नका. लिव्हर खाली बसते तेव्हा ती तिच्या स्वतःच्या टेकूवर बसली पाहिजे, स्विचच्या पिनवर नाही. पिनवर बसली तर एक तर स्विच फुटतो, नाही तर लिव्हर पूर्ण खाली जात नाही आणि शू घासत राहतात. म्हणजे दिवा बसवून आपणच रोग आणला. दोन-तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी काटकोनात वाकवा आणि तिला गोल छिद्राऐवजी लांबट खाच पाडा, म्हणजे स्विच पुढे-मागे सरकवता येईल. लिव्हर पूर्ण खाली असताना पिन दाबलेली हवी, पण तिच्या खेळातले दोन-तीन मिलिमीटर शिल्लक राहिले पाहिजेत.

सेटिंगची खूण ही: लिव्हर पहिल्या दात्यावर आली, एकच "कट्" आवाज झाला, की दिवा लागलाच पाहिजे. तिसऱ्या दात्यावर लागणारा दिवा तुमच्या कामाचा नाही, कारण तुमचा ड्रायव्हर अर्धवट सोडलेल्या ब्रेकनेच फसला. पहिल्या-दुसऱ्या दात्यावर अडकलेली लिव्हर दिसायला खालीच दिसते आणि शू मात्र टेकलेले असतात. सेटिंग झाल्यावर लिव्हर खाली ठेवून तिला हाताने डाव्या-उजव्या बाजूला हलवा. जुन्या लिव्हरचा पिव्होट झिजलेला असतो, खड्ड्यात ती डुलते आणि दिवा लुकलुकतो. तसं झालं तर पिन अजून थोडी आत घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर पिव्होटची बुश बदला. बुश स्वस्त असते आणि ब्रेकही सुधारतो.

पिनचं तोंड वर आकाशाकडे ठेवू नका. ड्रायव्हरच्या चपलेची माती, तंबाखूची पुडी, शेंगांची टरफलं, सगळं तिथे पडतं. आपली काळी माती ओली असताना लोण्यासारखी आत शिरते आणि वाळली की सिमेंट होते. पिन आत दाबलेल्या अवस्थेत अडकली तर ब्रेक ओढूनही दिवा लागणार नाही, आणि हा सगळ्यात वाईट बिघाड आहे, कारण तो कळत नाही. पिन आडवी किंवा खाली तोंड करून बसवा, वर रबरी टोपी चढवा. पिनला ग्रीस अगदी पुसटसं, जास्त नाही. ग्रीस धूळ धरून ठेवतं.

वायर ओढताना बॅटरीची मायनस केबल आधी काढून ठेवा. पत्र्यातून वायर जिथे आरपार जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. पुढे लवचीक पाइपमध्ये घालून हात-दीड हातावर क्लिप मारत न्या. सायलेन्सर, हँडब्रेकचा रॉड आणि गिअरची लिंक यांच्यापासून लांब. लिव्हरपाशी थोडी ढील ठेवा. जोड शक्यतो केबिनच्या आतच ठेवा, लग दाबून, वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह. नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळली तर मे महिन्यात तिचा डिंक वितळून टेप उलगडते. आपल्याकडे दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या केबिनला हात लावता येत नाही, तिथे टेप काय टिकणार?

स्विच जोडायच्या आधीच एक चाचणी करा. चावी चालू करून स्विचकडे जाणारं मोकळं टोक चासीला टेकवा. दिवा लागला, उचलल्यावर विझला, म्हणजे बल्बपर्यंतचं सगळं बरोबर. पुढे काही चुकलं तर ते स्विचमध्ये किंवा अर्थमध्ये आहे. सगळं जोडून झाल्यावर हँडब्रेक ओढा, दिवा लागलेला असू द्या, आणि मीटरचं एक टोक स्विचच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरं बॅटरीच्या मायनस खांबावर लावून व्होल्ट मोजा. ०.१ च्या आत हवेत. जास्त दाखवत असेल तर बोल्ट पुन्हा घासा. एवढ्याशा बल्बवर अर्धा व्होल्ट पडत असेल तर तिथे अर्थ नाही, गंज आहे.

एलईडी लावू का, हे बहुतेक जण विचारतातच. लावा, उन्हात चांगला दिसतो आणि हादऱ्याने फिलामेंट तुटायची भीती नाही. फक्त सुटा एलईडी घेतला तर रेझिस्टर लागतो. चालत्या गाडीत १२ च्या सिस्टिमला १४ व्होल्ट असतात. लाल एलईडीचे २ वजा केले, १५ मिलीअँपिअरने भागलं, तर ८०० ओहम येतात. बाजारात ८२० चा मिळतो, अर्ध्या वॅटचा घ्या. २४ च्या गाडीत २८ व्होल्ट धरा, १.८ किलोओहम आणि १ वॅटचा. एलईडीची एक खोड माहीत असू द्या. स्विचमध्ये ओली माती असली की तिच्यातून झिरपणाऱ्या चिमूटभर करंटवरही तो मिणमिणतो. बल्ब तसं करत नाही. मिणमिणता दिसला की स्विच धुऊन कोरडा करा, किंवा एलईडी आणि त्याचा रेझिस्टर या जोडीला समांतर १ किलोओहमचा आणखी एक रेझिस्टर टाका. तो अर्ध्या वॅटचा, २४ च्या गाडीत १ वॅटचा.

बझरही हवा असेल तर सरळ दिव्याला समांतर लावू नका. चावी चालू केली की तो किंचाळायला लागतो आणि आठ दिवसांत ड्रायव्हरच त्याची वायर तोडतो. अल्टरनेटरवर डी प्लस किंवा ६१ नावाचं टर्मिनल असतं. इंजिन चालू होऊन चार्जिंग सुरू झाल्यावरच तिथे पूर्ण प्लस येतो. बझरचा प्लस तिथून घ्या आणि मायनस आपल्या स्विचच्या वायरला. मग तो इंजिन चालू आणि हँडब्रेक ओढलेला असतानाच वाजेल. डी प्लस आणि बझर यांच्या मध्ये ४००७ नंबरचा डायोड घालणं विसरू नका, पांढरा पट्टा बझरच्या बाजूला. डायोड नसेल तर चावी चालू, इंजिन बंद अशा वेळी बल्बमधून करंट उलटा बझरमध्ये जातो आणि चार्जिंगच्या सर्किटपर्यंत पोचतो. ऊस भरून काट्यावर तासन्‌तास इंजिन चालू ठेवून रांगेत उभ्या राहणाऱ्या गाडीला मात्र बझर नकोच.

ब्रेक ऑइलच्या डबीला फ्लोटवालं झाकण मिळालं तर त्याची एक वायर याच स्विचच्या वायरला आणि दुसरी अर्थला जोडता येते. ऑइल कमी झालं की तोच दिवा लागतो. लिव्हर खाली असूनही दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन आधी डबी बघायची, मग वायर.

हे सगळं केबलच्या किंवा रॉडच्या हँडब्रेकचं झालं. कोणाच्या गाडीला नंतर हवेचा स्प्रिंग ब्रेक बसवला असेल, तर तिथे लिव्हरजवळ पिन स्विच लावण्यात हशील नाही. त्यात स्प्रिंग ब्रेक लावते आणि हवा तो सोडवते. म्हणून हातातल्या व्हॉल्व्हपासून मागच्या चेंबरकडे जाणाऱ्या लाइनमध्ये प्रेशर स्विच घालावा लागतो, दाब आल्यावर तुटणारा. मग हवा गळून ब्रेक आपोआप लागला तरी दिवा लागतो. ते काम हवेच्या लाइनची माहिती असलेल्याकडूनच करून घ्या. पायाच्या ब्रेकच्या लाइनला हात लागता कामा नये.

फिटनेसच्या वेळी दिवा दाखवून ब्रेक पास होईल, असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक दोन्ही स्वतंत्रपणे काम करणारे लागतात. तिथे चाक धरतंय का, हेच बघतात.

काम संपल्यावर ड्रायव्हरला सीटवर बसवा आणि त्याच्याच हाताने लिव्हर पहिल्या दात्यापर्यंत चार वेळा वर-खाली करून घ्या. गाडी हँडब्रेक ओढूनच उभी करत असाल, तर रोज सकाळी चावी फिरवताच दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब किंवा फ्यूज गेलाय, नाही तर पिन अडकलीये, आणि ते ठीक केल्याशिवाय माल भरायचा नाही, हे त्याला सांगून ठेवा. त्याच व्होल्टेजचे दोन बल्ब आणि दोन फ्यूज टूलबॉक्समध्ये टाकून द्या. होल्डरचा नंबर दुकानदाराकडून कागदावर लिहून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत ठेवा, म्हणजे परगावी बल्ब बदलायची वेळ आली तर भलताच बसवला जाणार नाही.